क्रीट : आमचे ऑलिव्ह तेल जिथून येते तो प्रदेश

आमच्याकडे मिळणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांवर ‘सितिया’, ‘पेझा’ किंवा ‘कोलिम्वारी’ यांपैकी एक नाव छापलेले असते. ही ग्रीसच्या क्रीट बेटावरील ठिकाणे असून, आपल्याकडील हापूसच्या भौगोलिक मानांकनाप्रमाणेच युरोपीय संघाने ही नावे त्या त्या भागातील तेलासाठी कायद्याने राखून ठेवली आहेत. चवीबद्दल आणि दराबद्दल ग्राहक आम्हाला जे प्रश्न विचारतात, त्यांची बरीचशी उत्तरे या प्रदेशाच्या माहितीतच मिळतात.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,३३६ चौरस किलोमीटर असून पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आहे. रुंदी मात्र कुठे ६० किलोमीटर, तर इएरापेत्राजवळ अवघी १२ किलोमीटर भरते. बेटाच्या कण्यासारखी डोंगररांग आडवी गेली आहे आणि तिच्यातील प्सिलोरितिस हे २,४५६ मीटर उंचीचे शिखर सर्वांत उंच आहे. पावसाळी वारे पश्चिमेकडून येत असल्यामुळे खानियाच्या बाजूला पाऊस चांगला पडतो, तर पूर्वेकडील सितियाचा भाग बराच कोरडा राहतो. सपाट जमीन थोडी आहे. दक्षिणेकडील मेसारा हे तिथले मोठे मैदान. बाकी बहुतेक बागा उतारावर असल्याने यंत्रे सगळीकडे पोहोचत नाहीत आणि मजुरीचा खर्च वाढतो.

१८९८ ते १९१३ या काळात क्रीट स्वायत्त राज्य होते. १९१३ मध्ये ते ग्रीसमध्ये सामील झाले. आज ग्रीसच्या तेरा प्रशासकीय प्रदेशांपैकी तो एक असून मुख्यालय हेराक्लिओन येथे आहे. खानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन आणि लासिथी हे त्याचे चार विभाग आणि त्यांखाली २४ नगरपालिका, ही रचना २०११ पासून अमलात आहे. प्रदेशाचा प्रमुख मतदानाने निवडला जातो. तेलाशी या प्रशासनाचा थेट संबंध येतो, कारण ऑलिव्हच्या फळात अंडी घालणाऱ्या माशीचा बंदोबस्त एकेका शेतकऱ्याला जमणारा नाही. बागांतून सापळे लावून माशांची संख्या मोजणे आणि ती वाढताच आमिषाची फवारणी करवणे, हे काम प्रादेशिक प्रशासन हाती घेते. फवारणी लांबली की फळ किडते, तेलाची आम्लता वाढते आणि ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ या दर्जासाठी ठरलेली ०.८ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते.

उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन पर्यटन आहे. इएरापेत्राच्या आसपास हरितगृहांत टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरची पिकते. द्राक्षबागा आणि मेंढीपालनही आहे. पर्यटकांचा हंगाम साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर आणि ऑलिव्हची तोडणी त्यानंतर, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. त्यामुळे उन्हाळ्यात खोल्या भाड्याने देणारे कुटुंब हिवाळ्यात झाडाखाली जाळी अंथरून फळे झोडपताना दिसते. तोडलेली फळे फार वेळ गोण्यांत ठेवली तर ती गरम होऊन बिघडतात, म्हणून ती लवकरात लवकर गावच्या तेलगिरणीत पोहोचवावी लागतात.

आम्ही घेतो ते तेल मुख्यतः ‘कोरोनेइकी’ या अगदी बारीक फळाच्या जातीचे असते. ताजे असताना ते जिभेला किंचित कडू लागते आणि घशाला झोंबते. तेल खराब निघाले असे समजून काही ग्राहक बाटली परत आणतात. वास्तविक हा कडवटपणा फळातील नैसर्गिक घटकांमुळे येतो आणि तेल जुने होत जाईल तसा ओसरतो. रंगावरून मात्र दर्जा ठरवू नये.

ऑलिव्हचे झाड एक वर्ष भरपूर फळते, तर पुढच्या वर्षी हात आखडते. त्यात दुष्काळाची भर पडली की दर चढतात; २०२३ च्या हंगामात ग्रीसमधील उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले, तेव्हा हेच झाले. म्हणून आमचा दर नव्या हंगामाचा माल आल्यावरच ठरतो. बाटली घेताना तोडणीचा हंगाम वाचून घ्यावा, ती शेगडीपासून दूर अंधाऱ्या फडताळात ठेवावी आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी.