थायरॉईडच्या गोळीची 'सवय' लागते का?

"थायरॉईडची गोळी एकदा सुरू केली की ग्रंथी आळशी होते आणि गोळी जन्माची मागे लागते." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो वाचून गोळी बंद करणारी माणसं असतात, म्हणून नीट सांगते.

गोळीतलं लिव्होथायरॉक्सिन म्हणजे आपली ग्रंथी बनवते तेच टी-४ हार्मोन, रेणूसुद्धा तोच. ते कमी पडलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, वाढवते, पुरेसं झालं की कमी करते. बाहेरून टी-४ मिळालं तर ग्रंथीचं काम कमी होतं, हे खरंच आहे. पण ते कायमचं नसतं. 1951 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना थायरॉईडचं औषध देऊन मग थांबवलं. काही आठवड्यांत त्यांच्या ग्रंथी पूर्ववत चालू लागल्या.

मग बऱ्याच जणांना गोळी कायम का लागते? कारण मूळ आजार ग्रंथीलाच हळूहळू निकामी करत असतो. चष्म्यामुळे नजर अधू होत नाही, तसंच हे. बाळंतपणानंतरचा थायरॉईडचा त्रास मात्र अनेकींचा तात्पुरता असतो आणि त्यांची गोळी पुढे बंदही होते.

पडताळायचं तर गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट काढा. टीएसएच तेव्हाच वाढलेलं दिसेल. गोळी थांबवून पाहायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. टी-४ निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे "चार दिवस बंद केली, काहीच झालं नाही" यावरून काही ठरत नाही.