रंगकामापूर्वीची डागडुजी (नाशिक)

घराच्या भिंती, लाकूडकाम, लोखंडी शटर आणि गाडी लावायच्या जागेतला कोबा यांवरचा सुटलेला जुना थर काढून, खालचे खड्डे-भेगा भरून नवा रंग देण्याचे काम. बोलण्यात याला ‘घराला रंग काढणे’ म्हणतात. शब्द उलटा वाटला तरी नेमका आहे, कारण निम्मे कष्ट खरोखर काढण्याचेच असतात.

नाशिकमध्ये या कामाची खरी अडचण पंचांगाची आहे. पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि परतीच्या सरी ऑक्टोबरातही येतात. रंग मात्र दसरा-दिवाळीला हवा असतो. चार महिने पाणी प्यायलेला गिलावा, विशेषतः पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत, एवढ्यात सुकत नाही. हाताला कोरडी लागली तरी ती आत ओली असते. त्यावर दोन हात मारले की आतली वाफ बाहेर पडताना रंगाला फुगे येतात आणि होळीपर्यंत पोपडे सुटतात. दोष मग रंगाच्या डब्याला दिला जातो. हात-दीड हात प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर थांबावे. बाहेरच्या भिंतींना फेब्रुवारी-मार्च उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात रंग ब्रशखालीच ओढू लागतो, तर डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली गेल्यावर पाण्यातल्या रंगाचा थर नीट जुळत नाही. म्हणून थंडीत सकाळी उशिरा सुरुवात करून दुपारी ब्रश धुणारा रंगारी आळशी नसतो.

भिंतीची तपासणी बोटाच्या पेराने होते. टकटक केल्यावर भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे. पोकळ आला तर तेवढा भाग फोडून नवा करावा लागतो. तळहात फिरवून पांढरी भुकटी लागली तर जुना रंग मेलेला आहे. पांढरा, खारट फुलोरा म्हणजे लोणा. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात; म्हणून आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचा. न्हाणीघराचा गळका सांधा किंवा गच्चीच्या कठड्याची भेग बुजवल्याशिवाय लोण्यावर केलेला कोणताही खर्च वाया जातो. काळ्या जमिनीवरच्या घरांत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे कडक पुट्टी वर्षभरात पुन्हा फाटते. भेग थोडी कोरून रुंद करून त्यात लवचीक अ‍ॅक्रिलिक भराव घालणे बरे.

पंचवटी आणि जुन्या गावठाणातल्या वाड्यांचा न्याय वेगळा आहे. काळा दगड, विटा आणि चुन्यातले बांधकाम ओल शोषते आणि सोडतेही. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते. तिथे चुन्याचाच हात योग्य. तो हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याचा अंदाज घेतात. २०१६ आणि २०१९ मध्ये सराफ बाजारातही पाणी शिरले होते. पुरात भिजलेल्या अशा भिंतींना काही महिने उघडे ठेवणे हाच पहिला हात.

घासकाम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू होऊन पुट्टीवर १८०-२२० पर्यंत जाते. लाकडाला रेषेच्या दिशेनेच घासतात आणि खिळ्यांच्या भोकांत लांबी (लाकडाची पुट्टी) भरतात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे थर कोरडे घासू नयेत. पाणी मारून घासावेत आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. गॅरेजवरचे जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांना पॉलिश पेपर लावूच नये.

शटरचा गंज तारेच्या ब्रशने झाडून त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तराचा रंग) लावतात. एक रात्र गेली तरी दवाने पुन्हा तांबूस छटा येते.

कोबा मात्र सर्वांत जास्त फसवतो. गाडीखालचे ऑइल आधी लाकडाच्या भुशाने टिपून, मग डिटर्जंटने घासून काढावे लागते. नंतर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे. जिरले तर कोबा तयार. गुळगुळीत कोबा यंत्राने घासतात किंवा पातळ अ‍ॅसिडने खरखरीत करतात. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. साधा ऑइल पेंट इथे टिकत नाही, कारण सिमेंटमधला अल्कली त्यातल्या तेलाचा साबण करतो. दोन डब्यांत येणारे, वापरताना एकत्र मिसळायचे इपॉक्सी टिकते, पण नवे काँक्रीट किमान २८ दिवसांचे हवे आणि मिश्रण लागेल तेवढेच करावे. डब्यात राहिलेले तापून घट्ट होते. बिल्डिंगच्या उघड्या पार्किंगमध्ये जिथे ऊन येते, तिथला इपॉक्सीचा पट्टा आधी पिवळा पडतो.