अर्ध्या महिरपीचा कागद

वाईला काकांच्या जुन्या वाड्याची माडी उतरवताना पेटीत एक पेन्सिल स्केच सापडलं. त्यात महिरप आहे, सुरूदार (सुरूच्या झाडासारखा निमुळता) खांब आहे, खाली कमळाचा हौद आणि कारंजं. पण सगळं डावीकडूनच काढलेलं, उजवी बाजू कोरी. घरचे म्हणाले कुणीतरी कंटाळून सोडलंय. मला तसं नाही वाटत.

उजेडात धरलं की रेघेवर सुईची बारीक भोकं दिसतात. हा कारागिराचा चरबा असणार, कागद दगडावर नाहीतर लाकडावर ठेवायचा, कोळशाची पूड पुरचुंडीत बांधून वरून थोपटायची, एक बाजू उठली की कागद उलटा करून दुसरी, मग उजवी बाजू काढायची कशाला?

आता या वस्तू आल्या कुठून. सुरूचे खांब आणि कारंजी ही मुघलांची आवड, पेशवाईत वाड्यांमधे आली आणि आपल्या केळफुलांशेजारी निवांत बसली. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं म्हणजे १६ पाकळ्यांचं कमळच. आणि आमच्या इथे तर धोमला महादेवाच्या देवळात कमळाच्या आकाराचा हौद आहे, मधे कासवाच्या पाठीवर नंदी, हौद भरला की कासव तरंगतंय असं वाटतं. स्केचमधल्या पाकळ्या बघून मला पहिलं तेच आठवलं (वाईकर असल्याचा परिणाम असेल).

काळाचं म्हणाल तर पेन्सिलच चुगली करते. आपले लोक आधी बोरू, कुंचला, कोळसा वापरायचे. साहेबांच्या पद्धतीचं ड्रॉइंग आपल्याकडे रुळायला लागलं ते १७९० नंतर, पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारातला वकील) मॅलेट असताना, जेम्स वेल्स हा चित्रकार तिथे होता आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या गंगाराम तांबटांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. आत्ताच्यासारखी ग्रॅफाइटची भुकटी आणि माती भाजून केलेली पेन्सिल तर फ्रान्समधे १७९५ ला आली, ती वाईच्या मिस्त्रीच्या हातात पडायला पेशवाई बुडालेलीच असणार. वरच्या कोपऱ्यात पायावर उभी गोल कुंडी आहे ती सरळ सरळ विलायती बंगल्याची. सुरूचा खांब आणि ही कुंडी एकाच कागदावर, म्हणजे साताऱ्यात नवा राजवाडा उठला तो काळ किंवा त्याच्याही नंतरचा.

काकांना फ्रेम करायचीय. मी म्हणलं करा, पण दोन्ही बाजूंना काच लावा, मागे मोडीत मापं लिहिलीत. कुंडीवर मात्र भोकं नाहीत, ती नुसती काढलीय.