डुकराच्या पिल्लाच्या आतड्यात इन्युलिन कुठे संपते?

इन्युलिन ही वनस्पतींतली, आतड्यातल्या जिवाणूंना पोसणारी शर्करासाखळी. दूध तुटलेल्या पिल्लांच्या खाद्यात ती का मिसळतात, हे कळायला सुरुवात दूध तुटण्यापासून करावी लागते. युरोपातल्या व्यावसायिक वराहपालनात पिल्लांचे दूध साधारण चौथ्या आठवड्यात तोडले जाते. युरोपीय संघाच्या नियमानुसार ते 28 दिवसांच्या आत तोडता येत नाही. पिल्लांसाठी निर्जंतुक केलेल्या स्वतंत्र जागेची सोय असेल तरच आठवडाभराची सूट मिळते. मोकळ्यावर वाढणारी डुकरीण पिल्लांना याहून कितीतरी आठवडे अधिक पाजते आणि हळूहळू दूर सारते. बंदिस्त शेडमध्ये मात्र हा बदल एका दिवसात होतो. आई दिसेनाशी होते, दुसऱ्या वेतांतल्या अनोळखी पिल्लांबरोबर राहावे लागते आणि दुधाऐवजी गहू, जव आणि सोयाबीनचा कोरडा खुराक समोर येतो. कित्येक पिल्ले पहिला दिवसभर त्याला तोंडही लावत नाहीत.

या उपासमारीचे परिणाम आतड्यात लगेच दिसू लागतात. लहान आतड्याच्या अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर असतात. ते काही दिवसांतच आखूड होतात आणि पचन मंदावते. दुधातल्या लॅक्टोजवर पोसलेले लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटतात, तर वनस्पतिजन्य खाद्यावर जगणाऱ्या प्रेव्होटेलासारख्या जिवाणूंना मोठ्या आतड्यात जम बसवायला वेळ लागतो. न पचलेली प्रथिने तिथे पोहोचून कुजतात आणि त्यातून अमोनिया आणि अमाइन ही नायट्रोजनयुक्त संयुगे तयार होतात. याच संधिकाळात ई. कोलाय या जिवाणूचे काही उपद्रवी प्रकार आपल्या पृष्ठभागावरच्या केसांसारख्या तंतूंनी, ज्यांना ‘एफ 4’ आणि ‘एफ 18’ म्हणतात, आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात. पिल्लांना पाण्यासारखी हगवण लागते.

पूर्वी यावरचा सोपा तोडगा म्हणजे खाद्यात थोडेसे प्रतिजैविक मिसळणे. स्वीडनने वाढीसाठीचा हा वापर 1986 मध्ये बंद केला आणि 1 जानेवारी 2006 पासून तो संपूर्ण युरोपीय संघात थांबला. त्यानंतर दूध तुटल्यावरचे 14 दिवस खाद्याच्या किलोमागे 2,500 मिलिग्रॅमपर्यंत जस्त झिंक ऑक्साइडच्या रूपात देण्याची पद्धत रुळली होती. जमिनीत साठणारे जस्त आणि जिवाणूंमधली वाढती औषधप्रतिकारशक्ती या कारणांनी तीही जून 2022 मध्ये बंद झाली. या रिकाम्या जागेवर ज्यांनी हक्क सांगितला, त्यांत प्रीबायोटिक पूरके आहेत.

प्रीबायोटिक ही कल्पना 1995 मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी मांडली, तीही माणसाच्या मोठ्या आतड्याचा विचार करून. प्राण्याला स्वतःला पचत नाही, पण त्याच्या आतड्यातल्या ठरावीक उपकारक जिवाणूंना पोसते, असे खाद्य म्हणजे प्रीबायोटिक. चिकोरीच्या मुळांपासून काढलेले इन्युलिन हे त्याचे ठळक उदाहरण. कांद्यात आणि लसणातही याच जातीची शर्करासाखळी असते. तिच्यातल्या फ्रुक्टोजच्या कड्या जोडणारे बंध आपली किंवा डुकराची पाचकद्रव्ये तोडू शकत नाहीत. माणसात ती बहुतांशी जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले बिफिडोबॅक्टेरियम हे उपकारक जिवाणू वाढवते.

डुकरात नेमके इथेच वेगळे घडते. त्याच्या जठरात आणि लहान आतड्यात माणसापेक्षा कितीतरी अधिक जिवाणू, मुख्यतः लॅक्टोबॅसिलस, वस्तीला असतात आणि इन्युलिनचा मोठा हिस्सा मोठे आतडे येण्याआधीच संपवून टाकतात. शिवाय बिफिडोबॅक्टेरियम डुकराच्या आतड्यात मुळातच थोडे. त्यामुळे माणसांवरच्या प्रयोगांतले ‘बिफिडो वाढतात’ हे वाक्य खाद्याच्या पोत्यावर छापणे मला तरी घाईचे वाटते. याचा अर्थ इन्युलिन निरुपयोगी ठरते असा नाही. नुकतेच दूध तुटलेल्या पिल्लाचे जठर पुरेसे आम्ल तयार करत नाही. अशा वेळी इन्युलिनवर पोसलेल्या लॅक्टोबॅसिलसमुळे वरच्या भागात लॅक्टिक आम्ल वाढले, तर ई. कोलायला तिथे तग धरणे अवघड जाते. मात्र हा परिणाम वरच्या टप्प्यावरचा आहे. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायचे असेल, तर सावकाश आंबणारे घटक लागतात, जसे बीटचा चोथा किंवा कच्च्या बटाट्याचा स्टार्च. तिथले जिवाणू त्यांपासून ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले बनवतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे आवडते इंधन आहे. मेगास्फेरा एल्सडेनी हा जिवाणू तर इतरांनी टाकलेल्या लॅक्टिक आम्लापासूनही ते तयार करतो. कर्बोदके हाताशी असेपर्यंत जिवाणू प्रथिनांतला नायट्रोजन आपल्या वाढीसाठी वापरतात, म्हणून अमोनियाही कमी होतो.

यीस्टच्या पेशीभित्तिकेतून मिळणाऱ्या मॅनन शर्करांची गोष्ट निराळी आहे. त्या मुख्यतः जिवाणूंना पोसत नाहीत. ज्यांचे तंतू मॅनोज या शर्करेला धरतात अशा जिवाणूंना त्या स्वतःवर अडकवून घेतात आणि ते विष्ठेबरोबर बाहेर पडतात, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. अडचण अशी की पिल्लांच्या हगवणीत ज्याचा मोठा हात असतो, त्या ‘एफ 4’ तंतूची पकड मॅनोजवर अवलंबून नसते.

प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, यामागे मात्राही आहे. झटपट आंबणारी शर्करा जास्त झाली तर तिच्यामुळेच शेण पातळ होते. स्वच्छ संशोधन केंद्रातल्या निरोगी पिल्लांत सुधारायला फारसे काही नसते. गर्दीच्या, ओलसर शेडमध्ये तोच घटक उपयोगी पडू शकतो. गोव्यात किंवा ईशान्य भारतात घरामागे उष्ट्या-खरकट्यावर पोसल्या जाणाऱ्या डुकरांना तर गहू-सोयाबीनच्या खुराकावरचे हे निकाल सरळ लावताच येत नाहीत.

त्यात पुन्हा नमुन्याचा प्रश्न. विष्ठा गोळा करणे सोपे असते, म्हणून बरेच अभ्यास तिच्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचतात आणि कोणाचे प्रमाण किती टक्के ते सांगतात. टक्केवारीत एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा आपोआप घटतो, प्रत्यक्ष संख्या बदललेली नसली तरी. आणि इन्युलिन लहान आतड्यातच संपले असेल, तर त्याचा ठसा विष्ठेत शोधून सापडणार किती? त्यासाठी लहान आतड्याच्या शेवटाला शस्त्रक्रियेने नळी बसवून तिथला द्रव घ्यावा लागतो किंवा पिल्लू मारून आतड्याचा प्रत्येक भाग वेगळा तपासावा लागतो, आणि असे प्रयोग खर्चिक असल्याने त्यांत पिल्लांची संख्या बहुधा थोडीच असते.