बॅटमॅन लिहिला कोणी? चाहत्यांच्या प्रश्नयाद्यांमागची जुनी गोष्ट

एखादा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा कॉमिक्स लेखक कन्व्हेन्शनला, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, येणार असं कळलं की अमेरिकेतली फॅन मंडळी कितीतरी आधीपासून प्रश्न गोळा करायला लागतात. आणि प्रश्न तरी कसले, तर अमुक अंकातली दुसरी गोष्ट तुमची की तुमच्या मित्राची, व्हिलनचं नाव तुम्ही ठेवलं की एडिटरने बदललं, शेवटचं पान परत लिहून घेतलं होतं का. बाहेरच्या माणसाला वाटणारच की काय हा रिकामटेकडेपणा. पण ही खोड लागली त्याला सबळ कारण आहे, आणि त्यासाठी १९३०-४० च्या न्यूयॉर्कमध्ये जावं लागतं.

तेव्हा कॉमिक्सवर लेखकाचं नाव छापायची फारशी पद्धतच नव्हती. पानाप्रमाणे पैसे मिळायचे, स्क्रिप्ट दिली, चेक घेतला, विषय संपला, हक्क कंपनीचे. चित्रकाराची सही कधीमधी कोपऱ्यात दिसायची, लेखकाचं तेवढंही नाही. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत मोठे झालेल्यांपैकी तरी किती जणांनी तेव्हा ली फॉक हे त्याच्या लेखकाचं नाव शोधलं असेल? पोरांना गोष्टीशी मतलब. तिकडेही तसंच होतं, फक्त तिकडची काही पोरं मोठी झाल्यावरही गप्प बसली नाहीत.

बॅटमॅनचा लेखक बिल फिंगर, त्याचं प्रकरण ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे. सुपरमॅन जोरात चालला होता, कंपनीला अजून एक तसाच हिरो हवा होता, म्हणून बॉब केन ह्या चित्रकाराने बॅटमॅनचं एक स्केच काढलं: लालभडक कपडे, डोळ्यांपुरता छोटा मास्क, हात उघडे आणि पाठीला वटवाघळाचे ताठ पंख. बुटांच्या दुकानात काम करणारा त्याचा ओळखीचा फिंगर ते बघून म्हणाला की डिक्शनरीतलं वटवाघूळ बघ, कान बघ त्याचे. मग कान असलेला पूर्ण मुखवटा आला, पंखांच्या जागी कातरलेल्या कडांचा केप आला, लालऐवजी करडा रंग आला, हातमोजे आले, डोळ्यांच्या बाहुल्या गेल्या. मे १९३९ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स २७ मधली पहिली गोष्ट फिंगरनेच लिहिली. ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथम सिटी हे नावही त्याचंच, टेलिफोन बुकात गॉथम ज्वेलर्स असं दुकानाचं नाव दिसलं त्यावरून घेतलेलं. छापून मात्र एकच नाव यायचं, बॉब केन. केनने कंपनीशी तसा करारच करून घेतला होता आणि फिंगर त्याच्याकडे पगारावर लिहिणारा, त्यामुळे पुढची पंचवीस-एक वर्षं वाचकांना फिंगर नावाचा माणूस अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हतं.

हे बदललं ते पत्रांमुळे. ज्युलियस श्वार्ट्झ हा डीसीचा, म्हणजे बॅटमॅन छापणाऱ्या कंपनीचा एडिटर स्वतः आधी सायन्स फिक्शनचा फॅन, १९३२ मध्येच त्याने मित्रांबरोबर फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनीच चाहत्यांसाठी चालवायचं मासिक, काढलेलं. सायन्स फिक्शनच्या मासिकांमध्ये वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापायचे, त्यातून वाचक एकमेकांना लिहायचे, हे त्याने जवळून बघितलेलं. १९६० च्या सुमारास तोच प्रकार त्याने कॉमिक्समध्ये सुरू केला. पत्ता छापला की एका गावातल्या वाचकाला दुसऱ्या गावातला वाचक सापडतो, एवढी साधी गोष्ट, पण त्याने सगळं फिरलं.

पत्रं लिहिणाऱ्या अशा फॅन लोकांपैकी एक म्हणजे डेट्रॉइटमधला जेरी बेल्स, युनिव्हर्सिटीत सायन्स शिकवणारा. लहानपणी ऑल-स्टार कॉमिक्समध्ये वाचलेल्या जस्टिस सोसायटी ह्या सुपरहिरोंच्या टोळीचं त्याला वेड, आणि त्या गोष्टी लिहिणारा गार्डनर फॉक्स (मूळचा वकील, डोक्यात हजारो गोष्टी) त्याला पत्रांना उत्तरं द्यायचा. फॉक्सने जपून ठेवलेले ऑल-स्टार कॉमिक्सचे बांधीव खंड शेवटी बेल्सनेच विकत घेतले. नंतर १९६० मध्ये रॉय थॉमस ह्या दुसऱ्या फॅनने फॉक्सला लिहिलं की जुने अंक आहेत का, तर फॉक्सने कळवलं, माझे तर विकले, पण घेणाऱ्याशी बोल. त्या ओळखीतून १९६१ मध्ये आल्टर इगो हे फॅनझीन निघालं, स्पिरिट डुप्लिकेटर ह्या प्रती काढायच्या साध्या यंत्रावर काढलेलं, जांभळ्या शाईचं, जरा फिकट. हाच रॉय थॉमस १९७२ मध्ये मार्व्हल ह्या दुसऱ्या मोठ्या कॉमिक्स कंपनीचा एडिटर-इन-चीफ झाला, म्हणजे प्रश्न विचारणारा टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला.

१९६४ मध्ये बॅटमॅनची सूत्रं श्वार्ट्झकडे आली आणि पत्रांच्या पानावर उत्तर देताना, बॅटमॅन १६९ मध्ये, त्याने सांगून टाकलं की रिडलर हा व्हिलन बिल फिंगरने निर्माण केला. मग १९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या कन्व्हेन्शनला फिंगर स्वतः आला, गार्डनर फॉक्स आणि ऑटो बाइंडर ह्या जुन्या लेखकांबरोबर स्टेजवर बसला. समोर बसलेल्या फॅन लोकांनी ह्या लोकांच्या गोष्टी पाठ केलेल्या, चेहरे मात्र पहिल्यांदा बघत होते. बेल्सने फिंगरशी बोलून सप्टेंबरमध्ये लेख लिहिला आणि तोवर कुणी छापलेलं नव्हतं ते स्वच्छ लिहिलं, की बॅटमॅनमधलं बरंचसं ह्या माणसाचं आहे.

केन भडकला. त्याने बॅटमेनिया ह्या फॅनझीनला लांबलचक पत्र पाठवलं, बॅटमॅनचा निर्माता मी एकटाच, फिंगरची स्मरणशक्ती दगा देतेय वगैरे. ते पत्र १९६७ मध्ये छापून आलं. माझ्या मते ह्या पत्रानेच केनचं जास्त नुकसान केलं, कारण नुसती कुजबुज असती तर विरली असती, आता दोन लेखी बाजू समोर आल्या आणि फॅन लोकांना ताडून बघायला आयता मसाला मिळाला. मग जुन्या चित्रकारांना विचारा, एडिटरांना विचारा, असं सुरू झालं ते थांबलंच नाही. पुढे १९८९ च्या आत्मचरित्रात केनने फिंगरचा वाटा बऱ्यापैकी मान्य केला आणि हयातीत श्रेय न दिल्याबद्दल खंतही व्यक्त केली. फिंगर तोपर्यंत जाऊन पंधरा वर्षं झाली होती, १९७४ मध्ये गेला बिचारा.

बेल्सने पुढे ह्याला पद्धतच लावली. हेम्स वेअरबरोबर त्याने १९७३ ते ७६ मध्ये अमेरिकन कॉमिक्समधल्या लोकांची सूची चार भागांत काढली, त्यासाठी लेखक-चित्रकारांना छापील फॉर्म पाठवले, कुठे काम केलं, कधी, कुणाबरोबर. आजच्या प्रश्नयाद्यांचा आजोबा शोधायचा तर तो हा फॉर्म. त्यातही अडचण ही की वीस-तीस वर्षांपूर्वी पानाप्रमाणे पैसे घेऊन लिहिलेलं माणसाला काय आठवणार! कल्पना कुठून सुचली असं विचारलं तर घासून गुळगुळीत झालेलं उत्तर येतं, डेडलाइन होती हो. म्हणून जाणते फॅन पान समोर धरून विचारतात, हे वाक्य तुमचंच का, आणि मग कधी कधी आठवणीचा धागा सापडतो.

डिस्नीच्या बदकांच्या गोष्टी करणारे कार्ल बार्क्स ह्यांचंही तसंच, नाव कुठेच नाही, वाचक नुसते चांगला बदकवाला म्हणून ओळखायचे, १९६० च्या आसपास चिकाटीच्या फॅन लोकांनी नाव शोधून काढलं. आणि जॉन ब्रूम, फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न ह्या डीसीच्या हिरोंच्या कितीतरी गोष्टी लिहिणारा, केव्हाच अमेरिका सोडून गेलेला, तो १९९८ मध्ये सॅन डिएगोला आला, आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं कन्व्हेन्शन. पुढच्या मार्चमध्ये वारला. त्या एका भेटीत विचारलं ते विचारलं, राहिलं ते राहिलंच.

फिंगरचा कागदोपत्री निकाल लागायला २०१५ उजाडलं. लेखक मार्क टायलर नोबेलमन ह्यांनी फिंगरच्या नातीला शोधून काढलं, अथेना फिंगरला, म्हणजे वारस आहे हे सिद्ध झालं, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये डीसीने जाहीर केलं की केनबरोबर फिंगरचंही नाव लागेल. २०१६ च्या बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन सिनेमात ते दिसलं. त्याआधीच, २००५ पासून, सॅन डिएगोला बिल फिंगर पुरस्कार सुरू झालेला, जेरी रॉबिन्सन ह्या बॅटमॅनच्याच जुन्या चित्रकाराच्या पुढाकाराने. तो दुर्लक्षित राहिलेल्या लेखकांसाठीच आहे, साधारणपणे एक दिवंगत आणि एक हयात असा. हयात असलेल्याच्या पॅनेलला आपले फॅन लोक याद्या घेऊन पुढच्या रांगेत हजर.