बाळाच्या लसी आणि अँटिबायोटिक औषधांचा गुण

सोलापुरातील आमच्या मेडिकल दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाळाला ताप आला किंवा जुलाब लागले की मागच्या वेळचीच बाटली मागणारे पालक आमच्याकडे वारंवार येतात. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आम्ही देत नाही. सेफिक्झाइमसारख्या औषधांची तर २०१४ पासून शेड्यूल एच-१ (विक्रीची वेगळी नोंद बंधनकारक असलेल्या औषधांची सरकारी यादी) च्या रजिस्टरमध्ये रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावासह नोंद ठेवावी लागते. अँटिबायोटिक पोटात गेले की साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे राहून वाढतात. अँटिबायोटिक घेण्याची वेळच कमी यावी, यासाठी वेळेवर घेतलेल्या लसींचा मोठा उपयोग होतो.

न्यूमोनिया व मेंदुज्वर घडवणारा न्यूमोकोकस जंतू निरोगी मुलांच्या नाकाघशातही राहतो. पीसीव्ही या न्यूमोकोकसविरोधी लसीमुळे त्याचे लसीत समाविष्ट असलेले प्रकार तेथे कमी टिकतात आणि घरातल्या आजी-आजोबांपर्यंतही कमी पोहोचतात. अमेरिकेत २००० साली ही लस सुरू झाली; पेनिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसच्या गंभीर आजारांचे प्रमाण १९९९ ते २००४ या काळात ५७ टक्क्यांनी घटले, आणि लस न घेतलेल्या ज्येष्ठांमध्येही घट दिसली. पुढे लसीत नसलेला १९-ए हा प्रकार वाढला, म्हणून नंतरच्या लसींत त्याचाही समावेश झाला.

रोटाव्हायरस हा विषाणू असल्याने त्याच्या जुलाबांवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो, तरीही घाबरून ते दिले जाते, ही आम्हाला सर्वांत खेदाची बाब वाटते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पाच वर्षांखालील मुलांमधील, अँटिबायोटिक दिले गेले असते असे वर्षाला १ कोटी ३६ लाख आजार रोटाव्हायरस लसीमुळे आणि २ कोटी ३८ लाख आजार पीसीव्हीमुळे टळतात.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नसल्याने ते साठवावे लागते, त्यामुळे टायफॉइडची लसही विचारात घ्यावी. ती सरकारी वेळापत्रकात नाही, बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

पीसीव्हीचे डोस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात, तर रोटाव्हायरसचे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. एखादा डोस राहिला असल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, मात्र रोटाव्हायरसचा पहिला डोस बाळ वर्षाचे होण्याआधी मिळायला हवा. लसीनंतर येणाऱ्या तापासाठी सिस्टर सांगतील तेवढेच पॅरासिटामॉल द्यावे. ताप दोन दिवसांत न उतरल्यास किंवा बाळ दूध घेत नसल्यास थेट डॉक्टरांना दाखवावे, घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नये.