पार्श्वभूमी : 'फीकल कोलीफॉर्म' या नावाखाली नेमकं काय मोजलं जातं?

मैलापाण्यातले आतड्यातले जंतू वेगळे काढायला पित्तक्षार आणि लॅक्टोज वापरायची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभीची, इंग्लंडमधली. मॅकॉन्की अगार या माध्यमावर (म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्यावर) लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आंबवणारे गुलाबी-लाल दिसतात, साल्मोनेला-शिगेला हे रोगजंतू बिनरंगाचे. पुढे ईएमबी, टायफॉइडसाठी बिस्मथ सल्फाइट, १९६०च्या दशकात एक्सएलडी आणि कॉलऱ्यासाठी टीसीबीएस ही माध्यमं आली. यातलं कुठलंच माध्यम अजून मोडीत निघालेलं नाही.

खरा घोळ 'फीकल कोलीफॉर्म' या नावाचा आहे. कोलीफॉर्म म्हणजे लॅक्टोज आंबवणारे, आतड्यातल्यांसारखे जंतू; फीकल म्हणजे विष्ठेतले. १९०४ साली ४६ अंशांवर ग्लुकोज आंबवून पाहण्याची चाचणी सुचवली गेली. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातले जंतू ही ऊब सोसतात, इतर सोसत नाहीत, असा तर्क. नंतर बऱ्याच ठिकाणी तापमान ४४.५वर आलं आणि तिथे वाढेल ते 'फीकल' ठरू लागलं. पण क्लेब्सिएला या कोलीफॉर्म जंतूच्या काही जाती तिथेही मजेत वाढतात, आणि कागद कारखान्यांच्या सांडपाण्यात विष्ठेचा संबंध नसतानाही त्या सापडतात. म्हणून 'उष्णतासह (ऊब सोसणारे) कोलीफॉर्म' हे नाव पुढे आलं. प्रामाणिक नाव तेच, पण आपल्या अहवालांत ते क्वचितच दिसतं.

उलटी चूकही होते. क्लोरिनचा मार बसलेले जंतू पाणी गाळलेल्या फिल्टरसकट एम-एफसी या माध्यमावर थेट ४४.५ला ठेवले तर त्यातले बरेच उगवत नाहीत, मेलेले नसूनही. त्यामुळे क्लोरिन दिलेल्या पाण्याचा आकडा नळ्यांच्या एमपीएन (किती नळ्यांत वाढ झाली त्यावरून जंतूंचा संभाव्य आकडा काढायच्या) पद्धतीपेक्षा फिल्टरवर कमी येऊ शकतो. आधी काही तास कमी तापमानाला ठेवून त्यांना सावरू द्यावं लागतं.

१९८०च्या दशकाअखेरीस ई. कोलाय या आतड्यातल्या कोलीफॉर्म जंतूत सहसा असणाऱ्या बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइमवर बेतलेली माध्यमं आली. साधारण २४ तासांत ई. कोलायचंच उत्तर मिळू लागलं. गंमत अशी, की माणसाला मूत्रपिंड निकामी होईपर्यंत आजारी पाडू शकणाऱ्या ई. कोलायच्याच ओ१५७:एच७ प्रकारात हे एन्झाइम सहसा दिसत नाही, आणि ४४.५लाही तो नीट वाढत नाही. दोन्ही गाळण्यांतून तोच निसटतो! त्याला पकडायला पुन्हा मॅकॉन्कीच लागलं, लॅक्टोजच्या जागी सॉर्बिटॉल घातलेलं.

भारतात २०१७च्या अधिसूचनेने प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे १,०००पेक्षा कमी एमपीएन ही मर्यादा घातली. २०१९च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशात अपेक्षित १०० आणि कमाल २३० आले. आकडा उतरला, त्याच्यापुढे 'फीकल कोलीफॉर्म' तसंच राहिलं.